आधी जीव, मग मन?

महामारीच्या काळात नंदुरबारचे नाव देशभर झाले ते प्राणवायूमुळे. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः भिल्ल समाजातले आणि शिक्षणाने डॉक्टर. पहिली लाट अजून पुरती ओसरली नव्हती, तरी दुसरी येणारच असे धरून त्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये हवेतून प्राणवायू वेगळा करणारा पहिला प्रकल्प उभा केला आणि पुढच्या काही महिन्यांत त्यात भर घातली. एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीतली नामांकित रुग्णालये प्राणवायूसाठी समाजमाध्यमांवर हाका मारत होती, तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याचा हा जिल्हा आपल्या पायांवर उभा होता. हे यश अस्सल आहे. वाद आहे तो या यशाच्या आडोशाला उभे राहून मांडल्या जाणाऱ्या एका युक्तिवादाशी.

त्या काळात कर्करोगाच्या रुग्णांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मनाचे काय झाले, असे कुणी विचारले की उत्तर तयार असते. माणसे श्वासासाठी तडफडत होती, तेव्हा आधी जीव वाचवायचा की मनाची विचारपूस करत बसायचे? त्याला जोडून दुसरे वाक्य येते, जरा खालच्या आवाजात: आदिवासी माणूस मुळात काटक, डिप्रेशन-बिप्रेशन ही शहरी थेरं. एवढ्यानेही समोरचा गप्प बसला नाही तर तिसरे: हेल्पलाइन होती की, कुणी फोनच केला नाही त्याला सरकार काय करणार?

तिन्ही वाक्ये ऐकायला व्यवहारी वाटतात. पहिले तर इतके की भलेभले डॉक्टरही मान डोलावतात. म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

‘आधी जीव’ म्हणणाऱ्यांनी गृहीत धरलेले असते की कर्करोगाच्या रुग्णाचा जीव एका खोलीत असतो आणि मन दुसऱ्या. महामारीतले आकडे वेगळेच सांगतात. देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची तुलना २०१९ च्या त्याच महिन्यांशी केली. राष्ट्रीय कर्करोग ग्रिडचा हा अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त छापून आला. नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली होती, म्हणजे ५४ टक्के घट. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्या, दिवसभरात घेऊन घरी जाण्याची केमो ३७ टक्क्यांनी. साठ हजार माणसांच्या गाठी काही तीन महिन्यांत विरघळल्या नव्हत्या. मुंबईत परळचे टाटा कर्करोग रुग्णालय त्या काळातही चालू होते, डॉक्टर जागेवर होते. घटीमागे बंद गाड्या होत्या, पुढे ढकललेल्या शस्त्रक्रिया होत्या आणि भीतीही होती. यातला कुठला वाटा किती, हे कुणालाच काट्यावर तोलता येणार नाही. पण जायचे की थांबायचे हा निर्णय शेवटी घराच्या ओट्यावर झाला. मुंबईला गेलो तर कोरोना होईल, नाही गेलो तर गाठ वाढेल, असा तो हिशेब. तो करणारे मन घाबरलेले, एकटे आणि अर्धवट माहितीवर चालणारे असेल तर जीवही त्याच्याबरोबर ओट्यावरच अडकतो. मनाची विचारपूस ही जीव वाचवून झाल्यावर करायची चैन आहे असे म्हणणाऱ्यांनी या साठ हजारांकडे एकदा पाहावे.

नंदुरबारहून हा हिशेब जास्तच अवघड होतो, कारण इथे उपचार म्हणजे आधी प्रवास. धडगाव तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरून निघायचे, रस्ता नसेल तिथवर झोळीतून, मग जीपने धडगाव, चांदसैलीचा घाट उतरून तळोदा, तिथून नंदुरबार. पुढे ताप्ती लाइनच्या गाडीने सुरत, किंवा सुरतेवरून मुंबई. मुंबईपर्यंत एकुणात चारशे किलोमीटरच्या वर. हा घाट काय चीज आहे ते सप्टेंबर २०२१ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने वाचले. दरड कोसळून रस्ता बंद झाला होता; आजारी बायकोला खांद्यावर घेऊन निघालेल्या नवऱ्याच्या खांद्यावरच तिने प्राण सोडला. ती कर्करोगाची रुग्ण नव्हती, पण कर्करोगाच्या रुग्णांचा रस्ताही तोच.

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात रेल्वे थांबली, एसटीही थांबली. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी पुन्हा सुरू झाली ती २० ऑगस्टला. कर्करोगाच्या रुग्णाला एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. पाच महिने ती सवलत उभ्या गाड्यांवर होती. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, एकाच बाकड्यावर दोन्ही राज्यांची नावे लिहिलेली, आणि लोक कौतुकाने तिथे फोटो काढतात. एरवी न दिसणारी ही रेघ महामारीत अचानक जाड झाली. आधी पास, मग तपासणी, १ एप्रिल २०२१ पासून आरटी-पीसीआरचा निगेटिव्ह अहवाल. सुरत या भागातल्या अनेक घरांना मुंबईपेक्षा जवळची. मजुरीला तिकडे, बाजाराला तिकडे, दवाखान्यालाही तिकडेच. त्यांच्यासाठी ती रेघ दवाखान्याच्या दारात आखली गेली.

आता एक साधे गणित. केमोची पुष्कळशी चक्रे दर २१ दिवसांनी येतात. रुग्णाच्या प्लास्टिकच्या पिशवीत फाइल असते, फाइलवर पेनाने लिहिलेली पुढची तारीख, त्याआधी दोन-तीन दिवस रक्त तपासायचे, पांढऱ्या पेशी कमी निघाल्या तर तारीख खोडून नवी लिहायची. घराचे पेरणी-निंदणीचे, उसनवारीचे, कुणी कुणाजवळ थांबायचे याचे सगळे वेळापत्रक त्या तारखेला टांगलेले. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबईहून परतलेल्या माणसाला गावात १४ दिवस वेगळे राहावे लागे, बहुतेकदा शाळेच्या खोलीत. २१ मधून १४ गेले, उरले सात. त्यातले जाण्यायेण्यात किती गेले ते ज्याचे त्याने मोजावे. म्हणजे तीन आठवड्यांत लेकरांजवळ बसायला जेमतेम तीन-चार दिवस, तेही ‘मुंबईहून आलाय’ अशा नजरा झेलत. घशाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगाने खोकणाऱ्या माणसाला त्या दिवसांत गावात आणि गाडीत काय वागणूक मिळाली असेल, यासाठी फार कल्पनाशक्ती लागत नाही.

शेकाचे वेगळे. रेडिओथेरपी आठवड्याचे पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालते, म्हणजे शहरात मुक्काम आला. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्यासारख्या संस्थांनी वर्षानुवर्षे हा भार उचलला आहे, पण जागा मोजक्या आणि रुग्ण अमाप. टाळेबंदीत टाटाबाहेरच्या फुटपाथवर आणि हिंदमाताच्या पुलाखाली अडकून पडलेल्या रुग्णांची छायाचित्रे तेव्हा वर्तमानपत्रांत आली होती. काहींचा उपचार संपला होता आणि घरी जायला गाडी नव्हती. त्याच वेळी काही जण घरी होते आणि उपचाराला जायला गाडी नव्हती. खुद्द मुंबईतल्या कर्करोगाच्या रुग्णांना लोकलमध्ये बसू द्यायचा निर्णय सप्टेंबर २०२० मध्ये झाला, म्हणजे जवळपास सहा महिन्यांनी. परळपासून लोकलच्या अंतरावर राहणाऱ्यांची ही गत, तर सातपुड्यातल्या मोलगी-तोरणमाळच्या माणसाची आठवण कोण काढणार?

काटकपणाची गोष्ट निघते ती इथेच. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी समाजाची माणसे डोंगर चढतात, उसाच्या फडात राबतात, उपाशी राहूनही तक्रार करत नाहीत, हे खरे. त्यावरून त्यांना मनाचा त्रास होत नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे स्तुतीच्या मिषाने हात झटकणे. कर्करोगाच्या रुग्णांत, देश कुठलाही असो, साधारण तिघांतल्या एकाला खिन्नता किंवा चिंतेचा उपचार लागेल इतका त्रास होतो, असे अनेक अभ्यासांचे म्हणणे आहे. सातपुड्याची हवा त्याला अपवाद ठरेल असे मानायला आधार काय? एवढाच की इथे कुणी मोजले नाही.

त्रास दिसतो तो वेगळ्या वेशात. झोप येत नाही, छातीत धडधडते, अन्न घशाखाली उतरत नाही, अंग जड झाले. असे सांगणारा माणूस कर्करोगाचा असेल तर सगळे ‘केमोचा त्रास’ या एका खात्यावर जमा होते. पावरी किंवा मावची बोलणाऱ्या बाईला मराठीत विचारायचे, तिने दोन शब्दांत उत्तर द्यायचे आणि केसपेपरवर ‘तक्रार नाही’ असे लिहून घ्यायचे, ही काटकपणाची तपासणी कशी म्हणायची?

घरातली लपवाछपवी हा आणखी एक पदर. खानदेशात काय किंवा उरलेल्या महाराष्ट्रात काय, आजाराचे नाव रुग्णाला सांगायचे नाही, हा रिवाज अजून मुरलेला आहे. ‘गाठ आहे’, ‘फोड आहे’, ‘रक्त कमी आहे’. डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून मुलगा किंवा भाऊ विनवतो, त्यांना सांगू नका. सांगावे की नाही यावर वेगळा वाद घालता येईल, पण हा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा असतो: ज्याला माहीत आहे तो ज्याला माहीत नाही त्याच्या शेजारी सतत असतो. महामारीत रुग्णालयांनी नातेवाइकांना दाराबाहेर थांबवले, आणि डोलारा कोसळला. माहीत असलेला बाहेर राहिला, माहीत नसलेला आत गेला. आत पांढऱ्या पोशाखात नखशिखान्त झाकलेली माणसे, नाकात काडी घालणारे कुणीतरी, आणि ओळखीचा एकही चेहरा नाही. ज्याला आपल्याला कर्करोग आहे हेच सांगितलेले नाही, त्याने यातून काय समजायचे? आपल्याला कोरोनाच झालाय आणि घरच्यांनी टाकलेय, हा अर्थ त्याने लावला तर दोष कुणाचा? अशा वेळी काही घरे आधी भगताकडे गेली असतील तर त्यावरही नाक मुरडण्याची घाई करू नये. भगत उपचार काय करतो हा प्रश्न रास्तच आहे, पण तो समोर बसतो, त्यांच्या बोलीत बोलतो आणि घाई करत नाही. एवढ्या तीन गोष्टी सरकारी दवाखान्यात मिळाल्या तर त्याच्या दारातली गर्दी कमी होईल.

‘पण व्यवस्था पोचणार कुठे, हा भागच दुर्गम’, असे यावर म्हटले जाते. हा दावा खुद्द नंदुरबारनेच खोडून काढला आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या चिमलखाडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांचे नाव देशाने २०२० मध्ये ऐकले. टाळेबंदीत पाड्यांवरच्या बाया-लेकरे अंगणवाडीत येईनाशी झाली, तेव्हा त्यांनी मासेमाराची होडी घेतली आणि नर्मदेच्या पाण्यातून रोज सुमारे १८ किलोमीटर वल्हवत अलिगट आणि दादरच्या वस्त्यांवर जाऊन बाळांची वजने घेतली, गरोदर बायकांना पाहिले. त्याच पाण्यात आरोग्य विभागाचा तरंगता दवाखाना फिरत होता. मग एक गोष्ट विचारायला हवी. बाळाच्या वजनासाठी होडी जाते, गर्भारणीसाठी जाते, आणि छातीतली गाठ काढून अर्धी केमो राहिलेल्या बाईसाठी जात नाही, ते का? बाळाचे नाव रजिस्टरला आहे, वजनाचा रकाना आहे, तो रिकामा राहिला तर वरून विचारणा होते. त्या बाईचे नाव कुठल्याच रजिस्टरला नाही. २००६ मध्ये याच नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा मारलेल्या कोंबड्यांचीसुद्धा मोजदाद झाली होती आणि भरपाई ठरली होती.

वाईट याचे वाटते की संधी दारापर्यंत चालत आली होती. १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२० या काळात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके राज्यभर घरोघर गेली. ताप पाहिला, बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि घरात मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, किडनीचा आजार असलेले कुणी आहे का ते विचारले. म्हणजे महाराष्ट्राच्या उंबऱ्यावर उभे राहून सरकारने ‘घरात कर्करोग आहे का’ असे विचारले! हेतू होता कोरोनाचा धोका कुणाला जास्त हे शोधण्याचा. पुढची केमो कधी, जाणार कसे, जवळ कोण आहे, झोप लागते का, हे चार प्रश्न त्याच उंबऱ्यावर विचारले असते तर पथकाची दहा मिनिटे जास्त गेली असती. मार्च २०२१ मध्ये ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधी असलेल्यांना लस खुली झाली, तेव्हाही कर्करोगाचा रुग्ण यादीत होता आणि त्याने डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणायचे होते. दोन्ही वेळा व्यवस्थेला तो दिसला, पण फक्त कोरोनाचे गिऱ्हाईक म्हणून.

मनाचे प्रश्न गावपातळीवर विचारता येत नाहीत, असे म्हणायलाही जागा नाही. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत राज्याने २०१५ पासून शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ चालवला. त्यात आशा कार्यकर्ती घरी जाऊन मनाच्या अवस्थेविषयी ठरावीक प्रश्न विचारते आणि गरज दिसली तर पुढे पाठवते. प्रकल्पात उणिवा आहेत, प्रश्नावली उरकण्याचे प्रकारही होतात. पण आशाला हे काम जमते एवढे त्याने सिद्ध केले. नंदुरबार त्या १४ मध्ये नाही.

हेल्पलाइनवाल्यांना थोडक्यात उत्तर पुरे. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेची हेल्पलाइन २०२० मध्ये सुरू झाली, राष्ट्रीय टेलि-मानस १० ऑक्टोबर २०२२ ला, महामारी जवळजवळ आटोपल्यावर. अक्कलकुवा-धडगावच्या कितीतरी पाड्यांवर रेंजसाठी टेकडीवर चढावे लागते. केमोने पाय लटपटणारा माणूस टेकडी चढून अनोळखी आवाजाला परक्या भाषेत ‘मला फार भीती वाटते’ असे सांगेल, ही अपेक्षा ज्याने केली त्याने टेकडी पाहिलेली नसावी. फोन उलट दिशेने यायला हवा होता. तुमची १२ तारखेची केमो पुढे गेली आहे, चार आठवडे गेल्याने तुमच्या बाबतीत बिघडणार नाही, अमुक दिवशी या, तोवर ताप आला तर इथे कळवा, असे रुग्णालयातून कुणी दोन मिनिटे सांगितले असते तर अर्धी झोप परत आली असती. त्या काळातली बरीचशी चिंता अनुत्तरित प्रश्नांची होती. तिच्यावर ‘सकारात्मक राहा’ हा व्हॉट्सॲपवरचा उतारा देणे तर क्रूरच, कारण उद्या आजार वाढला तर माणसाला वाटते की आपणच पुरेसे सकारात्मक राहिलो नाही.

आणि वेदना? ग्रिडच्या त्याच अभ्यासात उपशामक उपचारांकडे पाठवलेल्या रुग्णांची संख्या २९ टक्क्यांनी घटलेली आहे. बरे होणे ज्यांच्या नशिबी उरलेले नाही, त्यांचे दुखणे, दम, मळमळ आणि भय कमी करणारा हा उपचार. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची वेदना एकत्रच पाहायला शिकवले. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईतच, वांद्र्यात सुरू झाले. मात्र मॉर्फिनची गोळी आणि ती बेतून देणारा हात मुंबईहून सातपुड्यात पोचता पोचत नाही. रात्रभर कण्हणाऱ्या बापाशेजारी बसलेल्या मुलाला समुपदेशन देऊन भागत नाही. आधी बापाचे दुखणे थांबावे लागते. ‘आधी जीव, मग मन’ म्हणणारे आणि नुसत्या समुपदेशनावर भिस्त ठेवणारे, दोघेही हे विसरतात.

केरळात कोळिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून घरी जाऊन वेदना-उपचार करणाऱ्या शेजारी-गटांचे जाळे उभे राहिले आणि २००८ मध्ये राज्याने त्याचे धोरण केले. नंदुरबार म्हणजे केरळ नव्हे, असा आक्षेप येईल, आणि तो बरोबरच आहे. तिथली दाट वस्ती, तिथली साक्षरता, तिथले रस्ते इथे नाहीत. सही न् सही नक्कल होणार नाही. पण इथल्या मातीतली एक रीत आहे. १९९५ पासून आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आहे. तिच्यात पावसाळ्याआधी संपर्क तुटणाऱ्या गावांची यादी होते, धान्य आणि औषधे आधी पोचवली जातात, बाळंतपणाच्या तारखा जवळ आलेल्या बायकांकडे लक्ष ठेवले जाते. म्हणजे पुढे येणारे संकट ओळखून माणसांची नावे आधी लिहून ठेवायची, हे काम या जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला पाठ आहे. त्याच यादीत केमो आणि शेक चालू असलेल्यांची, मॉर्फिन लागणाऱ्यांची आणि त्यांना सांभाळणाऱ्या माणसांची नावे घालायला नवा विभाग नको, नवा कायदा नको.

उरतो प्रवास. २०१८ मध्ये राज्याने काही जिल्हा रुग्णालयांत मोफत केमो सुरू केली. पहिल्या यादीत उत्तर महाराष्ट्रातले जळगाव आणि नाशिक होते, नंदुरबार नव्हते. २०२० मध्ये इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. टाटाने आखून दिलेली पुढची चक्रे नंदुरबारात मिळाली असती तर २१ वजा १४ हे गणित कुणाला मांडावेच लागले नसते. आणि महामारी सरली असे सगळे म्हणू लागले, तेव्हा ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप लागला तो एप्रिल २०२२ पर्यंत. त्याही वेळी कर्करोगाच्या रुग्णाने तारखेला कसे पोचावे, हे कुणाच्या कामात बसत नव्हते. तेव्हा प्राणवायूची टंचाई नव्हती. ‘आधी जीव’ म्हणणाऱ्यांनी त्या सहा महिन्यांचेही उत्तर द्यावे.